आयात न झालेला भोंगा

"परदेशी मालामुळे या देशातला एकही कामगार उपाशी राहणार नाही, हा शासनाचा शब्द आहे!" मुंबईहून आलेले साहेब म्हणाले आणि शब्दाला वजन यावं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. टेबल बंद कारखान्याच्या कँटीनमधलं. चारपैकी तीन पायांच्या भरवशावर उभं होतं. कोकम सरबताचा पेला कलंडला आणि शासनाचा शब्द, सहीशिक्क्यासकट, गुलाबी झाला.

कारकून भिकाजीने तो योजनेचा कागद उचलून खिडकीच्या गजांवर वाळत घातला. "वाळेपर्यंत तोंडी चालू द्या, साहेब. हे भागोजीकाका. यादीतलं शेवटचं नाव."

भागोजी टोपी काढून पुढे आला.

जपानी नायलॉनची जाळी बाजारात आली आणि केळशीकडच्या या कारखान्याची सुती जाळी कोळ्यांनी घ्यायची सोडली. चौऱ्याऐंशीच्या शिमग्याला फाटकाला कुलूप लागलं. मग शासनाने मदत जाहीर केली: दरमहा भत्ता आणि नवं काम शिकवायचा वर्ग. अट एकच. अर्जाचा निकाल लागेपर्यंत कामगाराने रोज सकाळी आठला फाटकावर येऊन सही करायची. एक दिवस चुकला की नाव गेलं. माणूस कामाला हजर आहे, हे बंद कारखान्याला कळायला नको?

त्या सहीपायी भागोजी चौदा महिने अडकून होता. सावर्ड्याच्या भातगिरणीत मेव्हण्याने त्याच्यासाठी काम धरून ठेवलं होतं, तिथे दुसराच माणूस लागला. आता मेव्हणा पुन्हा एक जागा झाल्याचं कळवत होता. लेक चिमा मुंबईला बाळंत झाली; नातू त्याने पाहिला तो थेट अंगणात रांगताना. बायको राही म्हणायची, "तुमाला काय त्या फाटकाला दाव्यानं बांधलानी हाय? गुरांना तरी सांजची सोडतात."

"तुमच्या नावापुढे 'भोंगा' लिहिलंय," साहेब म्हणाले. "म्हणजे काय?"

"भोंगा वाजवायचो, सायेब. जाळी रंगवायच्या बॉयलरवर साखळी व्हती, ती वढायची. दिसातून पाच येळा. एकवीस वर्सं."

"जाळी विणत नव्हता?"

"नाय."

"निदान गाठी मारत असाल?"

"माज्या गाठी सुटतात," भागोजीने खरं ते सांगितलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "मग पंचाईत आहे. योजना आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी. विणणाऱ्याला जपानी जाळ्याने काढलं, मान्य. तुम्हाला कशाने काढलं? परदेशातून भोंगा आला?"

भागोजीने डोकं खाजवून आठवून पाहिलं. "आमच्या गावात तरी नाय आला."

"आला की, साहेब!" भिकाजी मध्ये पडला. "भोंगा नाही, घड्याळ आलं. कारखाना बंद पडल्यावर ग्रामपंचायत भोंगा चालवायला घेणार होती, काकांसकट. शाळा, चुली, गावाचं सगळं त्याच्यावर चालायचं. पण सभेत मंडळींनी मनगटं वर केली. म्हणाले, घरटी दुबईचं घड्याळ आहे, आता नुसती बोंब मारायला बॉयलर कशाला पेटवायचा? ठराव पडला. नक्कल आहे माझ्याकडे. म्हणजे काका परदेशी मालानेच गेले ना?"

साहेबांचा चेहरा उजळला. नोकरीत इतका सरळ विचार कानांवर पडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी लेखणी उचलली, अर्जावर 'पात्र' असं लिहिलं आणि सही करायला म्हणून हात टेकला. हात तिथेच राहिला.

"त्या घड्याळांच्या कस्टमच्या पावत्या आहेत?"

"पावत्या कुठल्या, साहेब? बोचक्यातून आलेली."

"मग ती आयात नव्हे. चोरट्या मालाने काम गेलेल्यांसाठी शासनाची योजना नाही."

हे बोलताना त्यांची नजर स्वतःच्याच मनगटावर गेली. तिथे काळे आकडे टुणटुण उड्या मारत होते. साहेब खिडकीबाहेर बघू लागले आणि बघता बघता ते घड्याळ त्यांच्या पाटलोणीच्या खिशात गेलं. भिकाजीने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मग नाय असा तरी लिवा, सायेब," भागोजी म्हणाला. "नाव काढून टाका. उद्या सावर्ड्याची पयली यष्टी धरतो."

"ते कसं जमेल? इथे मी 'पात्र' लिहून बसलोय. खाडाखोड चालत नाही. बोचक्यातला माल आयात धरायचा की नाही, हे मी वर विचारतो. उत्तर येईपर्यंत सही चालू ठेवा."

"आन नाय केली सही?"

"नाव जाईल. तुम्ही सुटाल." साहेबांचा आवाज मऊ झाला. "पण चौदा महिने केलीत, आणि समजा वरून 'हो' आलं, तर?"

सुटणारी गाठ भागोजीला मारता यायची. ही दुसऱ्या कुणी मारली होती. त्याने टोपी डोक्यावर ठेवली, खिडकीतल्या गुलाबी कागदापुढून वाट काढली आणि दाराशी पोचला.

"भागोजी, थांबा!"

तो गर्रकन वळला. भिकाजीने घाईघाईने अर्ज साहेबांपुढे सरकवला. साहेबांचा हात लेखणीकडे न जाता खिशाकडे गेला, आत काहीतरी चाचपलं, आणि रिकामाच बाहेर आला.

"किती वाजले असतील हो?"

भागोजीने सूर्याकडेसुद्धा पाहिलं नाही. "एकाला सात मिन्टं कमी." त्याचा उजवा हात आपसूक डोक्याच्या वर गेला, साखळी असायची तिथवर, आणि कुठे काही लागेना म्हणून तसाच राहिला.

"मग एवढ्यात जाऊ नका," साहेब म्हणाले. "एक वाजला की तेवढं ओरडून सांगा. जेवायची सुट्टी करू."