उन्हापुरतं विमान

वर्षभर, दर रविवारी, पुंडलिकनगरच्या घरात सत्यशीला अण्णांच्या विमानाची बॅटरी काठोकाठ चार्ज करून ठेवायची. समईत तेल घालावं तसं.

विमान थर्माकोलचं होतं. पंख खाटेहून लांब, त्यांवर काळ्या सौर पट्ट्या. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर तिच्या वडिलांनी, सूर्यभानअण्णांनी ते फुलंब्रीच्या मळ्यात बनवलं. दिवसभर सांडणारं ऊन रात्रीसाठी कशात भरून ठेवायचं, हा त्यांचा ध्यास. बॅटरी मोठी बसवली की विमान जमीन सोडेना, लहान बसवली की वर जाता जाताच उतरे. त्या उड्डाणांना रिमोट सत्यशीलेच्या हाती असायचा. माय मात्र या खुळाच्या रागानं बघायलाही यायची नाही. अखेर बेताची बॅटरी सापडली, आणि त्याच आठवड्यात अण्णा गेले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा माय म्हणाली, "एकडाव उडताना दाव मला."

श्राद्धाची जेवणं उरकली. दोघी विमान घेऊन मळ्यात आल्या. चुलतभाऊ बद्रीनाथ सोबत होता. तो शहरात बॅटऱ्यांच्याच कारखान्यात कामाला. त्यानं विमानाच्या पोटाचं झाकण उघडलं आणि थबकला.

"अक्का, ही बॅटरी हाय का पुरी?"

बॅटरी टम्म फुगली होती.

"मी तर तिला कधी उतरू दिलं नाही रे."

"तिथंच घोळ झाला. ठेवायची तर अर्धीच भरून ठेवायची असती. आता ही वापरली तर पेट घेईल."

"येवढा कंपनीवाला तू," माय म्हणाली, "आधी सांगाया तोंड शिवलं व्हतं का?"

"मला कुणी इचारलं, काकू?"

त्यानं बॅटरी काढून वाळूच्या घमेल्यात ठेवली. सत्यशीला बांधावर बसली. मायकडं बघणं तिनं टाळलं. समोर हुरड्यात आलेली ज्वारी उन्हात पेंगत होती. थर्माकोल पांढरा दिसत होता, पट्ट्या तापल्या होत्या. तिनं त्यांवर तळहात ठेवला.

"बद्री, पट्ट्यांची तार सरळ मोटरला जोड."

"आन् बॅटरी?"

"नकोच. तेवढं वजन कमी. रिमोटसाठी तो बारका सेल आहे ना, तो पुरे."

"ढग आला तर?"

"तर उतरेल."

तारा जोडून झाल्यावर बद्रीनाथ विमान डोक्यावर धरून पळाला आणि त्यानं ते सोडून दिलं. विमान खाली झुकलं, ज्वारीच्या कणसांना जवळजवळ टेकलं, मग कुणी हाक मारल्यासारखं वर वळलं. मोटरचा आवाज मधमाशीएवढा. विहिरीवरून, लिंबावरून ते गेलं, त्याची सावली रानातून पळत राहिली. मायनं पदर डोळ्यांवर आडवा धरला होता. तिचे ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. वेळ वाऱ्यावर थांबून राहिल्यासारखा झाला.

मग डोंगराकडून ढगाची सावली रानात शिरली. सत्यशीला विमानाला उन्हाच्या बाजूला वळवू लागली. एकदा वळवलं, दोनदा. उजेडाचा तुकडा लहान होत चालला.

मायनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"लई झालं, बाई. येऊ दे त्याला खाली."

सत्यशीलेची बोटं सैल पडली. सावली पंखांवर चढली, मोटर गप्प झाली. नुसत्या हवेवर तरंगत विमान ज्वारीच्या पलीकडं, पडीक रानात हळूच टेकलं.

"अस्सं उडायचं व्हय," माय म्हणाली, आणि दोघी वाटेनं तिकडं चालू लागल्या.