थोडा कार्बन उरलेली मोटर

मी एक जुनी मोटर आहे, रिमोटवर धावणाऱ्या हातभर लांबीच्या शर्यतीच्या गाडीतली. मित्रांनो, आधीच सांगते, मी भित्री आहे. माझ्या पोटात कार्बनचे दोन छोटे तुकडे आहेत. त्यांना ब्रश म्हणतात. ते आतल्या फिरत्या तांब्याच्या कड्यावर घासतात तेव्हाच मला वीज मिळते आणि मी फिरते. पण फिरताना ते झिजतात. माझं डबडं कारखान्यातच कायमचं बंद केलेलं, त्यामुळे नवे ब्रश घालता येत नाहीत. ते संपले की मी संपले.

अशा गाड्यांचा नाद असलेल्या रसिकाने मला माजिवड्याच्या घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात सोडून चालू केलं. माझी पाचावर धारण बसली. पण ते दोनच मिनिटं होतं. पाण्यात ब्रश भराभर झिजतात, म्हणून नव्या ब्रशांना त्या कड्याची गोलाई यावी यासाठी तेवढ्यापुरतं तसं करतात. मग तिने मला सुकवलं, तेलाचा थेंब दिला. पुढे तीन वर्षं घोडबंदर रोडवरच्या एका पार्किंगमध्ये दर रविवारी मी धावले. एवढीशी असून काय पळते, असं लोक म्हणायचे. तेव्हा मला भीती आठवायचीसुद्धा नाही.

मग ब्रशलेस मोटर आली. मला दोन वायरी, तिला तीन. तिच्यात घासायला ब्रशच नाहीत, ठिणगी नाही, कुरकुर नाही. माझी रवानगी स्क्रूंच्या डब्यात झाली. खाली भंगारवाल्याची हाक आली की माझा जीव थाऱ्यावर राहत नसे.

यंदा नवशिक्यांसाठी फक्त ब्रशवाल्या मोटरांची शर्यत ठरली. रसिकाचा धाकटा भाऊ विनीत याने नाव दिलं. तो बँकेत नोकरीला, मोटरमधलं त्याला ओ की ठो कळत नाही. ताई खूश होईल म्हणून त्याने मला धुवायचं ठरवलं. तिने पहिल्या दिवशी केलेलं त्याने पाहिलं होतं. त्याने मला ग्लासात सोडलं, बॅटरी जोडली आणि चहा टाकायला गेला.

पाणी आधी राखाडी झालं, मग काळं. ते काळं म्हणजे मीच होते, आणि मला ओरडता येत नव्हतं. विनीत परत आला आणि तो रंग बघून खूश झाला. त्याने रसिकाला फोन लावला. ती ऑफिसच्या बसमध्ये, कापूरबावडीला अडकलेली. फोन स्पीकरवर होता.

"ताई, तुझ्या जुन्या मोटरचा काय मळ निघतोय. पाणी पूर्ण काळं झालंय."

"कशात ठेवलीयेस तिला?"

"ग्लासात. तू केलेलंस ना तसं."



"विनीत, तो मळ नाहीये रे. कार्बन आहे तिचा. आधी वायर काढ, मग बोल."

त्याने वायर ओढली. घरी आल्यावर रसिकाने फटीतून टॉर्च मारून पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढा कार्बन उरला होता. निदान शर्यत तरी होऊ दे, असं विनीत म्हणाला. रसिका म्हणाली, शर्यतीत ती संपेल. मग त्याने नाव मागे घेतलं. मला सुकवलं त्यानेच.

आता मी रविवारी पाच मिनिटं धावते. विनीत हळू चालवतो आणि मधे मधे थांबवून, मी तापले नाही ना, हे बोट लावून बघतो. तरी वायर जोडली की माझ्या काळजात धस्स होतं.

मित्रांनो, यंत्र बंद पडलं की सगळे गोळा होतात आणि काय झालं म्हणून विचारतात. तुम्ही ते चालू असतानाच विचारा. त्याला हात लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. मी अजून चालू आहे, मला फार भीती वाटते, आणि मला अजून धावायचं आहे.