अडकणारा पट्टा

आजोबांनी पट्ट्याला तिसरा हिसका दिला आणि आजीने गाडीची चावी काढून पुन्हा पर्समध्ये टाकली. म्हणजे आजचंही बोंबललं.

आजी होऊन तिला दीड महिना झाला होता. पण कसली आजी आणि कसलं काय! नात अजून फोनमध्येच होती. लेकीचं गाव गाडीने तीन तासांवर. आजोबांच्या डोळ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना स्टिअरिंगची बंदी केलेली, म्हणून जुनी गाडी विकून ही बिनगिअरची आणली होती आणि आजीने या वयात रीतसर शिकून लायसन्सही काढलं होतं. सगळं जुळून आलं होतं. फक्त शेजारच्या सीटचा पट्टा ऐन वेळी अडकायचा. अर्ध्यावर यायचा आणि तिथेच हटून बसायचा. आत हवा तेवढा जाईल, पण बाहेर येईल तर शपथ!

"पट्टा लागत नाही तोवर गाडी हलणार नाही," आजोबा म्हणाले.

"मग मागे बसा ना!"

"मागे बसून तुला रस्ता कोण सांगणार?"

आजोबांनी सगळी नोकरी कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काढलेली. कामगार त्यांना पाठीमागे 'डबलचेक' म्हणायचे. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना आनंदच झाला असता. कारखाना सुटला, पण तपासणी काही सुटली नाही. गॅसचं बटण, गच्चीचं दार, शिडीचे पाय, काही म्हणून त्यांच्या तावडीतून सुटत नसे. आता ते हात धुऊन या पट्ट्याच्या मागे लागले होते.

गाडी गॅरेजला दोनदा जाऊन आली. मेकॅनिकने सीटवर बसून पट्टा ओढला, खटकन लावला, सोडला, पुन्हा लावला. "काही झालेलं नाही हो याला," तो म्हणाला.

आजोबा खवळले. "तुमच्याकडे चालतो आणि घरी अडकतो. म्हणजे मी काय थापा मारतोय?"

मेकॅनिकने बिचाऱ्याने खाचेत हवा मारली, काहीतरी फवारलं आणि हात जोडले. घरी आल्या आल्या आजोबांनी पट्टा एकदा नीट तपासून पाहिला. अडकला! "बघ, मी सांगत नव्हतो?" ते म्हणाले, आणि आजीला वाटलं, यांना मनातून बरंच वाटलंय की काय.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा आजी रडायच्याच बेतात होती. लेक मात्र भलतीच खुशीत.

"अगं आई, आज बाळाची कारसीट बसवली. गंमतच आहे त्याची! गाडीचा पट्टा एकदा शेवटपर्यंत ओढायचा. मग तो टकटक करत नुसता आत जातो, बाहेर म्हणून येत नाही. त्यानेच सीट घट्ट आवळली जाते. मोकळा करायचा तर आधी पूर्ण आत जाऊ द्यायचा."

आजी फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे आजोबा आले. दुकानात कापड मोजतात तसा पट्टा पार टोकापर्यंत ओढणारे, चष्मा कपाळावर चढवून धागा न् धागा बघणारे, ओल्या फडक्याने पुसत पुसत अर्धाच आत सोडणारे आणि मग तोच अर्धा पट्टा ओढून लावायला बघणारे. दर वेळी. न चुकता! तिला आधी हसू फुटलं, आणि मग असा काही संताप आला की विचारू नका.

सकाळी तिने आजोबांना गाडीत बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसली, आपला पट्टा लावला. मग त्यांचा पट्टा पूर्ण आत जाऊ दिला आणि दोन बोटांनी ओढून दाखवला. आला सुरळीत.

"तुमची तपासणीच अडकवते त्याला. बाळाची सीट बांधायची सोय आहे ती."

आजोबांचा चेहरा उतरला. पट्टा बिघडलेला निघाला असता तर त्यांना चाललं असतं. तपासणीच चुकीची निघावी हे काही पचेना. "मग तपासायचा कसा?"

"तपासा, पूर्ण आत जाऊ द्या आणि मग लावा."

"पण आत जाऊन आल्यावर पुन्हा एकदा बघायला नको?"

आता मात्र आजीचा तोल गेला. "काही बघायचं नाही! इतकी वर्षं तुम्ही चालवत होतात आणि मी शेजारी बसत होते. एकदा तरी पट्टा तपासला मी? बसले, लावला, निघाले. विश्वास होता म्हणून! आणि मी चालवायला बसले तर तुम्हाला धागे मोजायचेत. सरळ सांगा ना, माझ्या हातची गाडी नको म्हणून!"

आजोबा हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू कशाला तपासशील? मी तपासून ठेवायचो ना."

"काय?"

"तुझ्या बाजूचा पट्टा. रोज, तू खाली यायच्या आधी. त्या जुन्या गाडीतला अडकायचा नाही, त्यामुळे तुला कधी कळलं नाही. आताही तुझाच आधी बघतो. चालवणाऱ्याचा. तो कितीही ओढला तरी अडकत नाही."

आजीने मान खाली घालून आपल्या छातीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं. लख्ख पुसलेला होता. तो कोणीतरी पुसत असेल, हे तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लावा आता," ती म्हणाली, पण आवाज तिला हवा तेवढा चढला नाही.

आजोबांनी पट्टा ओढला, लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. न तपासता बसणं त्यांना किती जड जातंय हे त्या हातांवरून कळत होतं.

फाटकाशी येऊन आजीने गाडी थांबवली. रस्ता दोन्हीकडे मोकळा होता, तिला स्वच्छ दिसत होता. आजोबांच्या डोळ्यांना समोरचं झाड दिसलं तरी पुष्कळ.

"डावीकडून कोणी येत नाही ना?" तिने विचारलं. "जरा नीट बघून सांगा हं."

आजोबा पुढे वाकले. पट्टा त्यांच्याबरोबर पुढे आला. त्यांनी सावकाश बघून घेतलं.

"चल," ते म्हणाले.