दुसरा माईक

शिवराजनं वायरचं एक टोक मशीनमध्ये खुपसलं आणि दुसरं तळहातावर धरलं. हातावर लाल उजेडाचा ठिपका पडला. मशीनमध्ये अजून धुगधुगी होती.

"आता तरी येईल का हो आवाज?" त्याच्या बायकोनं, दीपालीनं, विचारलं.

"नाही आला तर गावाला काय तोंड दाखवू मी?"

जत्रा चार दिवसांवर आली होती. बेंबळीजवळच्या त्यांच्या गावात बिरोबाची पालखी उठायची ती देवाच्या जन्माची ओवी पुरी झाल्यावरच. एक कडी गाळलेलीसुद्धा चालत नसे. ही सगळी ओवी शिवराजच्या वडिलांच्या, बिराप्पांच्या, तोंडी होती आणि दुसऱ्या कुणाच्याच नाही, असं अख्खा गाव छातीठोकपणे सांगायचा. शिमग्यात बिराप्पांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आणि शिवराज? तो धाराशिवला कारकुनी करत होता. 'शिकू की निवांत' म्हणता म्हणता चाळिशी उलटली होती.

वीस वर्षांपूर्वी कृष्णराज नावाचे एक प्राध्यापक येऊन, दोन माईक लावून, ती ओवी चिमुकल्या तबकडीवर उतरवून गेले होते. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी तबकडी आणि मशीन दोन्ही पाठवून दिलं. पण मशीन म्हातारं झालेलं. हेडफोनचं भोक मेलेलं. आवाज बाहेर पडायचा तो फक्त या लाल उजेडातून, आणि तोही मशीन तापून आचके द्यायला लागेपर्यंतच.

तो उजेड लॅपटॉपमध्ये घ्यायला पहिलं अडॅप्टर त्यानं 'ऑप्टिकल' एवढा एक शब्द वाचून मागवलं होतं. ते निघालं कॉम्प्युटरमधला आवाज बाहेर सोडणारं. जोडून बघितलं तर दोन्हीकडून लाल उजेड! बोलायला दोघं तयार, ऐकणारं कुणीच नाही. त्यात पाच दिवस पाण्यात गेले. मग धाराशिवच्या दुकानदारानं एक स्वस्तातलं दाखवलं, पण ते दोन्ही माईकचे आवाज एकत्र कालवून देणारं होतं. कृष्णराज सर फोनवर खेकसलेच.

"कालवू नकोस! उजेड आत घेणारं आण, आणि डावं-उजवं वेगळं ठेवणारं. दोन्ही माईक नीट ऐक."

तसलं अडॅप्टर आज सकाळी हाती पडलं होतं.

शिवराज वायर लॅपटॉपला लावलेल्या नव्या अडॅप्टरमध्ये घालायला गेला, तोच खाटेवरून बिराप्पांचा डावा हात आला आणि त्यानं वायर घट्ट धरली. ते जोरजोरानं मान हलवत होते.

"आबा, असं काय करताय? तुमचाच आवाज हाय की ह्यात."

"ऱ्हाऊ दे की," उंबऱ्याशी तूर पाखडत बसलेली आई, अयोध्याबाई, म्हणाली. "त्यास्नी नको वाटतंय तर."

"आई, तुला काय कळतंय ह्यातलं?"

ती पुन्हा पाखडू लागली. शिवराजनं वडिलांची बोटं एकेक करून सोडवली, वायर जोडली, लॅपटॉपचा हेडफोन कानांवर चढवला आणि मशीन सुरू केलं.

पडद्यावर दोन पट्ट्या सरकू लागल्या. वर डावा माईक, खाली उजवा. कानात आबांचा खणखणीत आवाज घुमला आणि शिवराजला हुंदकाच आला. डोळे पुसून त्यानं पडद्याकडं पाहिलं. काहीतरी विचित्र होतं. प्रत्येक कडीला आधी खालच्या पट्टीवर बारीक उंचवटा यायचा आणि मग वरच्या पट्टीवर मोठा. त्यानं वरची पट्टी बंद केली.

बांगड्या किणकिणल्या. एक बाईमाणूस भरभर कुजबुजलं, "बारा वर्सांचा झाला देव." वरची पट्टी उघडली, तर आबा दणक्यात म्हणत होते, बारा वर्सांचा झाला देव. पुन्हा कुजबुज. पुन्हा आबा. एकही कडी त्या कुजबुजीशिवाय नव्हती.

तो आवाज ओळखायला त्याला वेळ लागला नाही. त्याच आवाजानं त्याला लहानपणी झोपवलं होतं.

त्यानं मान वर केली. आबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं होतं आणि त्यांचा खांदा हलत होता. उंबऱ्यातलं सूप थांबलं होतं.

"काठी मागितली देवानं," एवढं कुजबुजून झालं आणि मशीननं घरघर केली. लाल उजेड विझला. शिवराजनं बटणं दाबली, फुंकर मारली, थापट्या दिल्या. काही उपयोग झाला नाही.

"संपलं का?" दीपाली रडकुंडीला आली.

शिवराजला आपली लाज वाटत होती. हेडफोन काढून तो उंबऱ्यापाशी गेला आणि आईसमोर खाली बसला.

"आई, देवानं काठी मागितली. पुढं काय?"

"मला इचारतोस व्हय? आमी बायामाणसं. देवापुढं आमी म्हणत न्हाय."

असं म्हणताना ती त्याच्याकडं बघत नव्हती. तिची नजर खाटेकडं होती.

मग बिराप्पांनी हळूहळू मान वळवली. डावा हात खाटेच्या लाकडावर ठेवला आणि थाप दिली. आणखी एक. ओवीआधी ढोलावर पडते तशी. मग ते बायकोकडं बघत थांबून राहिले.

अयोध्याबाईनं सूप बाजूला ठेवलं, डोईवरचा पदर सारखा केला. या खेपेला ती कुजबुजली नाही.