तीन पट्ट्यांचा माणूस

मित्रांनो, मला नुसती काठी समजू नका. दरेकशाच्या जंगलातला बांबू असलो, तरी माझ्या अंगावर चार लाल पट्टे आहेत आणि एकदा मी अख्ख्या गावाची उंची मोजली आहे.

हत्तीपायाच्या रोगावर तेव्हा दोन औषधे देत. २०१७ साली केशोरीजवळच्या आमच्या टोलीत, त्या लहानशा वस्तीत, डॉक्टरांनी तिसरे औषध जोडून पाहायचे ठरवले. त्याच्या गोळ्या उंचीप्रमाणे द्यायच्या. खालून मोजत डोके ज्या पट्ट्याला पोहोचेल, तितक्या गोळ्या!

गावची आशा कार्यकर्ती रविता हिने मला शाळेच्या भिंतीला टेकवले. रुख्मा उभी राहिली, चार गोळ्या. मग आले तिचे यजमान, पोलीस पाटील बकाराम. मिशी भरदार, पण डोके तिसऱ्या पट्ट्यालाच अडले. रांगेत खसखस पिकली.

"बाईले चार अन् मले तीन? मी का लेकरू आहो?"

"काका, औषध उंचीनं देतेत, मानानं नाही," रविता म्हणाली.

"मंग मी खातच नाही!"

पाटील निघाले, तशी मागची रांगही पांगू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण बांबूला वाकता येते, पट्ट्याला सरकता येत नाही.

थोड्या वेळाने पाटील परतले, ते वीट घेऊन! तिच्यावर ऐटीत उभे राहिले.

रुख्मा म्हणाली, "गोळ्या तुमी खाता का वीट खाते?"

सगळे हसले. पाटील आणखीच फुगले. तेवढ्यात त्यांची आई सावित्रीबाई उखळासारखा सुजलेला पाय ओढत आली आणि मला पाठ लावून उभी राहिली. कमरेत वाकलेली, डोके दुसऱ्या पट्ट्याला लागले, दोन गोळ्या.

"तीस वर्सं हा पाय ओढून राहिली मी. मले दोनच भेटल्या. मी भांडली का?"

पाटील विटेवरून उतरले. तीन गोळ्या गिळल्या. रांग पुन्हा लागली.

पुढच्या वर्षी रक्त तपासले, तेव्हा टोलीत रोगाचे जंतू फार थोड्यांत सापडले. सावित्रीबाईच्या पायाची सूज मात्र उतरली नाही. तिच्यासाठी औषधाला उशीर झाला होता.

आता माझा रंग उडाला आहे. सावित्रीबाईची नात डिंपल मला घेऊन चिंचा पाडते. मित्रांनो, जुन्या मापाने चिंचा झोडू नयेत, आणि औषध दारी आले तर मान-अपमान काढू नये. पण डिंपलला मी रागावत नाही. ती धावत येते, तेव्हा तिच्या दोन्ही पायांत एकाच मापाच्या चपला असतात.