उत्तरेकडे तोंड असलेली पाणबुडी

जळगावात असोदा रस्त्याला राहणारा स्वप्नील ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानात कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो यूट्यूबवर पाणबुडीच्या एका कॉम्प्युटर खेळाचे व्हिडिओ टाकायचा. हा खेळ मराठीतून शिकवतो म्हणून बघणारे त्याला सर म्हणत, आणि ते त्याला आवडायचं.

त्याचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ शत्रूच्या जहाजाचा मार्ग कसा काढायचा यावर होता. पेरिस्कोपमधून जहाज किती अंशांवर दिसतं ते बघायचं. हे झालं बेअरिंग. नकाशावर उत्तरेपासून तेवढे अंश मोजून, जहाज जितकं लांब असेल तितक्या अंतरावर ठिपका द्यायचा. थोडं थांबून पुन्हा तसंच करायचं. दोन ठिपके जोडले की जहाज कुठे चाललंय ते कळतं.

त्या व्हिडिओखाली पिंपळनेरचे लोटन नाना पुन्हा पुन्हा लिहीत. 'सर, तुम्ही सांगितलं तसंच करतो, पण जहाज भलतीकडेच निघतं. कधीतरी बरोबर येतं, मग परत चुकतं.' स्वप्नीलने दोनदा 'नीट बघा' असं उत्तर दिलं. तिसऱ्यांदा लिहिलं, 'नाना, राहू द्या. तुम्ही आपले पत्ते खेळा.' त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्याने ती बायकोला, सुलक्षणालाही दाखवली. ती हसली नाही.

महिनाभराने त्याला एका बाईंचा निरोप आला. 'मी चारुलता, लोटन नानांची मुलगी. मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. डोकं चालतं ठेवा असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी त्यांना हा खेळ लावून दिला होता. आता त्यांनी तो सोडलाय. आपलं डोकंच गेलं असं म्हणतात. एकटे नदीपर्यंत फिरायला जायचे, तेही बंद केलं. वाट चुकेन म्हणतात. ते खेळत असताना मी फोनवर चित्रण केलं होतं, ते पाठवते. ते कुठे चुकतात एवढं सांगाल का? डॉक्टरांना दाखवावं म्हणते.'

स्वप्नीलने चित्रण लावलं. नानांचा थरथरता आवाज येत होता. ते एकेक पायरी मोठ्याने म्हणत होते, त्याच्याच शब्दांत. चूक कुठेच नव्हती. जहाज मात्र खरंच भलतीकडे गेलं.

मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या होकायंत्राकडे गेलं. नानांच्या पाणबुडीचं तोंड पूर्वेला होतं. त्याने घाईने स्वतःचा व्हिडिओ उघडला. त्याची पाणबुडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत उत्तरेकडे तोंड करून उभी होती.

पेरिस्कोप अंश दाखवतो ते पाणबुडीच्या नाकापासून. नाक ज्या दिशेला असेल तिचे अंश त्यात मिळवावे लागतात, तेव्हा खरं बेअरिंग येतं. स्वतः खेळताना स्वप्नील ते न चुकता मिळवायचा. व्हिडिओत मिळवायचा आकडा शून्य होता, म्हणून सांगायचंच राहिलं होतं. नानांच्या पाणबुडीचं तोंड उत्तरेला असलं की उत्तर बरोबर यायचं, नाहीतर चुकायचं.

त्याने आधी काय केलं, तर ते पत्त्यांचं उत्तर पुसून टाकलं. पुसल्यावर त्याला जास्तच वाईट वाटलं.

"फोन करा ना त्यांना," सगळं ऐकून सुलक्षणा म्हणाली.

"फोनवर नाही जमणार."

चारुलताकडून घराचा पत्ता घेऊन रविवारी तो धुळ्यामार्गे पिंपळनेरला गेला. दार चारुलताने उघडलं. नाना पलंगावर बसले होते. शेजारचे एक गृहस्थ आले होते, त्यांना नाना कौतुकाने अहिराणीत म्हणाले, "हाऊ मन्हा मास्तर शे. जळगावथीन येल शे."

ते शेजारी उठून जावेत म्हणून स्वप्नील थोडा थांबला. ते उठेनात, तेव्हा त्यांच्यासमोरच बोलला. "नाना, तुम्ही सगळं बरोबर करत होता. मीच अर्धं शिकवलं होतं." पाणबुडीच्या तोंडाचं त्याने समजावून सांगितलं. बोलताना त्याची नजर फरशीवर होती.

नाना पलंगाच्या कडेला सरकले. मग म्हणाले, "म्हणजे मन्हं डोकं बरोबर व्हतं?"

"हो नाना."

"आन मी पोरीले रोज सांगू, मी कामातून गयू." त्यांनी चारुलताकडे पाहिलं. तिने डोळ्यांना पदर लावला. मग नाना हळू आवाजात म्हणाले, "पत्ते खेळा म्हणे तू. मन्हा डावा हातमा पत्ते राहतस नई रे भाऊ."

स्वप्नीलला माफी मागायची होती. शब्द तयार होते, बसमध्ये जुळवलेले. ते बाहेर आलेच नाहीत. चारुलताने चहा आणला. तो त्याने कसाबसा संपवला आणि नानांच्या पाया पडून निघाला. नानांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने नवा व्हिडिओ टाकला. चूक काय होती ते सांगितलं, आणि विचारणाऱ्याची आपण थट्टा केली हेही सांगितलं. खाली पटापट प्रतिक्रिया आल्या. 'सर, मोठं मन लागतं याला.' 'असा प्रामाणिक माणूस विरळा.' वाचताना त्याला कुणी चारचौघांत उभं केल्यासारखं वाटलं. त्याने फोन पालथा ठेवला.

रात्री जेवताना सुलक्षणाने विचारलं, "चारुलताताईंचं काही आलं का?"

"आलं. नाना परत नदीवर जायला लागलेत."

"आणि खेळ?"

"तो नाही उघडत म्हणे," स्वप्नील म्हणाला, आणि ताटातली भाकरी नुसतीच मोडत राहिला.