कोंडाईबारीचा दगड

"भाईदासभाऊ, आते तरी पडी ना तो दुसरा?"

हिलालने सकाळपासून हे कितव्यांदा विचारलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. भाईदास फोरमन पिकअपच्या खाली उताणा पडला होता. त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते आणि उत्तरही त्या पायांकडूनच आल्यासारखं आलं.

"आबा, चूक कंपनीच्याही लक्षात आलीय. दुसऱ्या गिअरचा अख्खा सेट नवीन पाठवलाय, त्या वर्षी निघालेल्या सगळ्या गाड्यांना बसवायचा म्हणून. तोही फुकट. आता नाही पडला तर माझं नाव बदला."

"नाव कसाले बदलानं? गिअर बदला म्हंजे झायं."

वर्कशॉपमधली दोघं-तिघं हसली. धुळ्यात पारोळा रोडवरच्या या डीलरकडे हिलालला सगळे 'सेकंडवाले आबा' म्हणत. ऑइल बदलायला येवो की स्प्रिंगचे पाटे कसायला, आबांची तक्रार एकच असायची, दुसरा गिअर पडत नाही. आधी लोकांनी ऐकून घेतलं, मग ऐकल्यासारखं केलं, शेवटी चेष्टेवर नेलं. गाडी फाटकातून आत आली की कुणीतरी ओरडायचं, "सेकंडवाले आबा आले बरं का!" हिलाल रागवायचा नाही. "हासा भो, हासा. घाटमा एक दिन बसा मना जागावर, मंग देखा," एवढंच म्हणायचा आणि परत तक्रार लिहून घ्यायला लावायचा.

तक्रार खरी होती. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना गाडी अडून बसायची. नुसता क्लच दाबून गिअर टाकायला गेलं की दांडी हाताला झिडकारून परत यायची. क्लच दाबायचा, दांडी मोकळी करायची, क्लच सोडून थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग हलक्या हाताने दांडी मागे घ्यायची. इतकी लाडीगोडी केल्यावर, एक बारीक 'कर्र' करून, दुसरा पडायचा. साक्रीच्या पुढच्या आपल्या गावातून मिरची भरायची आणि कोंडाईबारीचा घाट उतरून गुजरातच्या बाजारात न्यायची. येताना तोच घाट खत नाहीतर सरकीची ढेप भरून चढायचा. वळणावळणाला डावा पाय दुप्पट चालायचा.

त्या पायाचा गुडघा आता गेला होता. ही गोष्ट बायकोला, ताईबाईला, माहीत होती, मालकाला, शालिग्रामला, नव्हती. गाडीतून उतरताना हिलाल आधी टपावरची दोरी तपासल्यासारखं करायचा, तेवढ्यात गुडघा सरळ व्हायचा. ताईबाई रात्री रुईचं पान तव्यावर गरम करून बांधून द्यायची आणि म्हणायची, आता पुरे. पण पुरे म्हणून करायचं काय? हिलालला गुंठाभर जमीन नव्हती. पोरींची लग्नं झाली होती. लहानपणापासून त्याच एका घरी वर्षाच्या बोलीवर सालदारकी केली, आधी बैल, मग ट्रॅक्टर, मग ही गाडी. उन्हात सऱ्या धरण्यापेक्षा बसून करायचं काम बरं, एवढा साधा हिशेब होता. दुसरा गिअर तेवढा सरळ झाला तर हा गुडघा अजून दोन-तीन आखाज्या सहज काढेल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि त्याच दिवशी नवं ठरतं. शालिग्रामच्या घरी त्याची एक रीत होती. पितरांची घागर भरून झाली, नैवेद्य दाखवून झाला की मालकाची आई, मंजुळाआक्का, ताटात बैलांचा कासरा ठेवायची, त्याला कुंकू लावायची आणि सालदाराच्या हातात द्यायची. हातात पडला की नवं साल लागलं. गाडी आल्यापासून ताटात चावी यायला लागली. हिलालला ती चावी या आखाजीलाही हवी होती, आणि घेताना गुडघ्याची भीती नको होती.

दुपारी गाडी जॅकवरून खाली उतरली. भाईदास कापसाच्या बोळ्याला हात पुसत म्हणाला, "चला आबा, तुम्हीच चालवा."

पारोळा रोडच्या उन्हात दोघं निघाले. पहिला, दुसरा, तिसरा. मग हिलालने वेग कमी केला, क्लच दाबला, सोडला, रेस दिली, परत दाबला.

"आबा, एकदाच दाबा. दुसऱ्यांदा कशाला?"

हिलालने एकदाच दाबला. दांडी मागे घेतली. ती गेली. कर्र नाही, झिडकारणं नाही. त्याला खरंच वाटेना. पुन्हा तिसरा टाकून पुन्हा दुसऱ्यात आणला. पुन्हा गेली.

"झालं समाधान?" भाईदास म्हणाला. मग आबांकडे बघून त्याने चेष्टा आवरती घेतली. म्हातारा रडत होता. डोळ्यांत धूळ गेल्याचं सोंगही त्याने केलं नाही, टॉवेलने सरळ डोळे पुसले आणि म्हणाला, "भाईदासभाऊ, तुना पोरेसोरेस्ले सुखी ठेवो देव."

चार वाजता शालिग्राम आला, दोन्ही हातांत पिशव्या. बहीण आखाजीला माहेरी येणार होती, तिच्यासाठी लुगडं, तिच्या पोरांना कपडे. शालिग्राम मालक असला तरी हिलालच्या अंगाखांद्यावर वाढलेला. मालकपण त्याला फारसं जमलं नव्हतं. माणूस मऊ. पिशव्या सीटवर टाकत त्याने विचारलं, "काय, झाया का तुना दुसरा?"

"झाया भाऊ! आवाज बी नही."

आणि मग हिलालला राहवलं नाही. साक्री रस्त्याला लागेपर्यंत त्याने विनाकारण तीनदा गिअर खाली आणून दाखवला. नवं खेळणं शेजाऱ्याला दाखवावं तसं. शालिग्राम दांडीकडे बघत होता.  कुसुंब्याच्या पुढे म्हणाला, "हिलालभाऊ, जराखी मी चालाडी देखू का?"

हिलालने गिअरची दांडी आणखी घट्ट धरली.

कारण ही गाडी शालिग्रामने स्वतः चालवायलाच घेतली होती. हे सगळं गाव विसरलं होतं, हिलालसुद्धा. गाडी नवी कोरी असताना शालिग्रामच चालवायचा, हिलाल शेजारी बसायचा, माल उतरवायला. एकदा कोंडाईबारी चढताना भरल्या गाडीला दुसरा पडला नाही. तिसरा निघाला, दुसरा लागेना, आणि गाडी मागे जायला लागली. ब्रेक दाबायचं सोडून शालिग्राम दांडीशीच झटत राहिला. हिलालने चालत्या गाडीतून उडी टाकली, रस्त्याकडेचा एक काळा दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला. मागे दरी होती. त्या दिवशी गाडी घरी आणली हिलालने. ट्रॅक्टरवर बसलेला हात होता, गाडीला समजून घ्यायला त्याला फार वेळ लागला नाही. शालिग्रामने मात्र पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "माले टाइम कोठे शे?" तो दगड हिलालने गाडीतच ठेवला. घरापुढच्या उतारावर गाडी लागली की रोज तोच चाकाखाली जायचा.

म्हणजे त्या गिअरने शालिग्रामला उठवलं होतं आणि हिलालला बसवलं होतं. आणि हिलाल वर्षानुवर्षं डीलरच्या दारात उभा राहून, हसं करून घेऊन, तोच गिअर नीट करा म्हणून जीव काढत होता. हे त्याला आज, या क्षणी कळलं. स्वतःच्या अकलेचं त्याला हसू आलं, पण तेही नीट येईना.

"तुमनी गाडी शे भाऊ. माले काय इचारतस?" तो म्हणाला आणि गाडी बाजूला घेतली.

उतरून तो पलीकडे जाऊन बसला. शालिग्रामने सीट पुढे ओढली, आरसा हलवला. आधी बिचकत, मग थोडा मोकळा होत त्याने गाडी धरली. सपाटीला बरं चाललं होतं. साक्रीच्या अलीकडे चढ लागला. पुढे उसाची बैलगाडी रस्ता अडवून चालली होती. वेग पडला, इंजिन धडधडायला लागलं. दुसरा टाकायलाच हवा होता. शालिग्रामच्या कपाळावर घाम आला. दांडीवरचा हात त्याने उचलला आणि परत स्टिअरिंगवर ठेवला.

"हिलालभाऊ, माले नही जमाव. थांबाडू का? तूच ये आठे."

हिलालने फक्त 'बरं' म्हणायचं होतं. शालिग्रामचा हात स्टिअरिंगवरून परत सुटला असता, भीती परत बसली असती, आणि चावी याही आखाजीला ताटात आली असती. शालिग्रामने उद्या कुणाला सांगितलं नसतं. त्याने खिडकीतून चढाकडे बघितलं. लहानपणी ह्या पोराला विहिरीत पोहायला त्यानेच शिकवलं होतं. तेव्हाही पोरगं असंच काठाला धरून बसायचं.

"थांबू नका," हिलाल म्हणाला. "क्लच बठ्ठा दाबा, पुरा. हां. आते दांडी मांगे ल्या. जोर करू नका, तो पडस आते. घाबरू नका, मी शे ना आठे."

दांडी गेली. गाडीने दम धरला आणि बैलगाडीला बाजूला टाकून चढ चढून गेली.

"गया!" शालिग्राम ओरडला. "गया रे हिलालभाऊ! आवाज बी नही!" त्याचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता. तो हसत होता, घाटात काय झालं होतं ते स्वतःच पहिल्यांदा मोठ्याने सांगत होता. हिलाल हं हं करत होता. त्याचा डावा पाय पुढच्या पत्र्यावर दाबून बसला होता. चढ संपला तरी तो तसाच होता; लक्षात आलं तेव्हा त्याने तो ओढून घेतला.

गावाच्या वेशीवर मारुतीच्या देवळापाशी खोलगट आहे, येताना-जाताना दोन्हीकडे चढ लागतो. तिथे दुसरा टाकताना जो कर्र व्हायचा, तो ऐकून ताईबाई चुलीवर तवा ठेवायची. आज हिलाल घरात शिरला तेव्हा ती अंगणात लसूण निवडत बसली होती, आणि चूल थंड.

"कव्हय उनात? गाडीना आवाजच नही उना!" तो कधी आला ते तिला कळलंच नव्हतं.

"आते तो आवाज गया."

"मंग चांगलंच झायं ना. तुमीनच ते मांगे लागेल व्हतात."

"हां. मीच." त्याने पाणी मागितलं आणि खाटेवर पडला. ताईबाईने रुईचं पान आणलं, त्याने राहू दे म्हटलं. सांगायचं काय आणि कुणाची तक्रार करायची? सगळं तर त्याच्या मनासारखंच झालं होतं.

पुढचे दिवस शालिग्राम रोज गाडी काढत होता. पहिल्या दिवशी हिलाल शेजारी बसला, दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेपर्यंत, मग म्हणाला, "मळामा पानी देवानं शे," आणि गेलाच नाही. शालिग्रामनेही आग्रह केला नाही.

आखाजीला घागरी भरल्या. निंबाच्या झाडांना झोके बांधले होते, पोरींच्या गाण्यांचा सूर गल्लीभर होता. शालिग्रामच्या घरी खापरावरचे मांडे, रस. हिलाल पंगतीत जेवला. नंतर मंजुळाआक्का ताट घेऊन आली. ताटात कासरा होता. नवा, कुंकू लावलेला. आक्काची नजर आधी लेकाकडे गेली, मग हिलालकडे.

शालिग्राम उंबऱ्याशी उभा होता. "हिलालभाऊ," तो खाली बघत म्हणाला, "तुनं साल शेच. ते काय इचारानं नही. पन गाडी आते मीच चालाडसू म्हनस. तुले बी तेवढाच आराम."

आराम! दिवसभर बैलांच्या मागे चालायचं, तेही या गुडघ्यावर. पण गुडघ्याचं आजवर लपवलं होतं, ते आज कोणत्या तोंडाने काढायचं? आणि काढून मागायचं काय, गिअर परत बिघडवून द्या?

"बरं शे, भाऊ," हिलाल म्हणाला. त्याने कासरा घेतला, कपाळाला लावला आणि आक्काच्या पाया पडला. आक्काने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ फिरला.

बहिणीला आणायला शालिग्राम साक्रीच्या स्टँडवर निघाला. गाडी झेंडूच्या माळेने सजवली होती. घरातली पोरं मागे चढली. शालिग्रामने गाडी चालू केली, मागे घ्यायला गेला, आणि गाडी जागीच घुरघुरायला लागली. त्याने रेस वाढवली. गाडी हलेना.

"काय झायं रे?" त्याने डोकं बाहेर काढलं. चेहऱ्यावर तीच जुनी भीती तरळली.

"थांबा भाऊ. बंद नका करू."

हिलाल गाडीच्या मागे गेला. गाडीला धरून, डावा पाय लांब करून, तो हळूहळू खाली बसला. दगड चाकाखाली घट्ट बसला होता. दोन्ही हातांनी हलवून काढावा लागला. उठताना कासरा खांद्यावरून घसरला, तो त्याने परत टाकला.

"ल्या आते," तो म्हणाला.

गाडी मागे आली, वळली, पोरांच्या आरोळ्यांत वेशीकडे गेली. हिलाल दगड हातात धरून उभा राहिला. पहिला गेलेला कळला. पुढे मारुतीचं देऊळ, मग चढ. त्याने मान थोडी तिरपी केली आणि कान दिला. झोक्यावरच्या पोरी गात होत्या. बराच वेळ तो ऐकत राहिला, आणि चढावरून कसलाच आवाज आला नाही.